वाघ, सुसर आणि आकसणारे ब्राँझ

पॅरिसच्या १८३१ सालच्या सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या अधिकृत कलाप्रदर्शनात, आंत्वान-लुई बारी या शिल्पकाराने सुसरीचा फडशा पाडणारा वाघ मांडला. आपल्या गंगेत राहणारी, लांब निमुळत्या तोंडाची सुसर आणि वाघ यांची ही झुंज घडवणारा माणूस मात्र पॅरिस सोडून फारसा कुठे गेलाच नव्हता. त्याचे अरण्य म्हणजे तिथल्या ‘ज्यार्दँ दे प्लांत’ या वनस्पती उद्यानातले प्राण्यांचे पिंजरे आणि शेजारच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातले सांगाडे.

बारीने उमेदवारी केली होती सोनाराकडे, त्यामुळे बारीक काम त्याच्या हातात मुरलेले होते. पण त्याची खरी शिस्त मोजमापाची होती. उद्यानातला एखादा सिंह मेला की तो आणि चित्रकार दलाक्रुआ त्याच्या कलेवराची रेखाटने करायला जात. बारीच्या रेखाटनांवर हाडांच्या आणि अवयवांच्या लांबीचे आकडे लिहिलेले आढळतात. त्यामुळेच वीतभर उंचीच्या त्याच्या वाघातही खांद्याचे हाड कातडीखाली नेमके कुठे सरकते हे दिसते. पुढे, १८५४ मध्ये, याच संग्रहालयाने त्याला प्राणिचित्रणाचा प्राध्यापक नेमले, आणि पुढे शिल्पकार म्हणून गाजलेल्या तरुण रोदँने तिथे त्याच्याकडे काही काळ धडे घेतले.

१८३७ च्या सलोनने मात्र त्याने ओर्लेआँच्या ड्यूकसाठी घडवलेले, जेवणाच्या मेजावर मांडायचे शिकारीचे शिल्पसमूह नाकारले. ही शिल्पकला नव्हे, सोनारकाम आहे, असा विरोधकांचा सूर होता. मला हा निर्णय अन्यायाचा वाटतो, कारण त्यांतल्या वाघाच्या शिकारीत हत्ती, स्वार आणि वाघ यांचा जो तोल साधला आहे, तो आकाराने कितीतरी मोठ्या स्मारकांनाही क्वचितच साधतो. त्यानंतर बारी स्वतःच ओतकामाकडे वळला आणि छोट्या ब्राँझमूर्तींच्या छापील याद्या काढून त्या मध्यमवर्गीय घरांना विकू लागला.

अशा मूर्तींच्या अनेक प्रती बहुतेक वेळा वाळूच्या साच्यात निघत. साच्यातले मेण वितळवून काढण्याच्या पद्धतीत मेणाची प्रतिकृती दरवेळी नष्ट होते. म्हणून अनेक प्रतींसाठी आधी ब्राँझचाच एक मूळ नमुना करीत. त्याचे भाग सुटे होत आणि पुन्हा घट्ट बसत. हे भाग बारीक, किंचित चिकणमातीयुक्त ओलसर वाळूत दाबले की केसांच्या रेषादेखील उमटत. आत पोकळी राहावी म्हणून वाळूचाच गाभा बसवीत, आणि गाभा व साचा यांच्यामधल्या काही मिलिमीटरच्या फटीत वितळलेली धातू ओतीत. नंतर भाग जोडून सांधे छिन्नीने बुजवीत आणि रसायने व उष्णता वापरून पृष्ठभागाला तपकिरी किंवा हिरवी झाक आणीत.

इथे एक भौतिक नियम आड येतो. तांबे आणि कथिल यांचे हे मिश्रण घट्ट झाल्यावर सुमारे ९०० अंश सेल्सिअसने थंड होते. दर अंशाला लांबी सुमारे दहा लाखांत १८ भागांनी कमी होते, असे धरले तर एकूण आकसणे साधारण दीड टक्क्यापेक्षा थोडे अधिक भरते. म्हणजे ३० सेंटिमीटर लांबीच्या मूर्तीत जवळपास पाच मिलिमीटर. मूळ नमुन्याऐवजी कुणी बाजारातल्या तयार मूर्तीवरूनच साचा घेतला, तर त्याची प्रत तेवढ्याने लहान निघते आणि कातडीच्या सुरकुत्या, दात, पंजे यांची धारही बोथट होते. म्हणूनच जाणकार संशयित मूर्ती मोजपट्टी आणि कॅलिपर घेऊन तपासतात. शिक्का आणि सही यांची नक्कल करता येते, पण आकसलेली लांबी बनावट प्रतीत हमखास राहते. मुद्दाम केलेल्या छोट्या आवृत्त्या अर्थात वेगळ्या: आशिल कोलासच्या यंत्रात एक टोक मूळ शिल्पावर फिरे आणि दुसरे ठरलेल्या प्रमाणात लहान प्रत कोरी. फेर्दिनां बार्बेदिएनने १८३८ पासून याच यंत्रावर ब्राँझमूर्तींचा मोठा व्यवसाय उभारला.

१८४८ च्या सुमारास बारी कर्जात बुडाला आणि त्याचे नमुने भागीदाराच्या ताब्यात गेले. ते परत मिळायला अनेक वर्षे लागली. १८७५ मध्ये तो वारला, आणि पुढच्या वर्षीच्या विक्रीत बार्बेदिएनने त्याचे बरेच नमुने विकत घेतले. म्हणून ‘बारी’ ही सही असलेल्या दोन मूर्तींपैकी एक त्याच्या देखरेखीखाली ओतलेली आणि दुसरी त्याच्या मृत्यूनंतरची असू शकते. तेव्हा कोणती कुठली, हे सांधे, छिन्नीकाम आणि रंगाची झाक पाहूनच ठरवावे लागते.