कॉम्पोझिट, दंतवैद्यकीय

किडलेला, झिजलेला वा तुटलेला दात त्याच्याच रंगाने भरून काढण्यासाठी वापरले जाणारे रेझीन व बारीक काचकण यांचे संमिश्र. त्यात बिस-जीएमए किंवा यूडीएमए हे दाट रेझीन, ते पातळ करणारे टेगडीएमए, सिलिका वा बेरियम काचेचे पूरक कण आणि कण व रेझीन यांना सांधणारे सिलेन असते. पूरकांचे प्रमाण वजनाने साधारण ७० ते ८० टक्के. कॅम्फरक्विनोन हा आरंभक सुमारे ४७० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात जागा होतो आणि बहुवारिकीकरण, म्हणजे रेझीनचे रेणू एकमेकांना जुळून ते घट्ट होणे, सुरू होते.

शोधाचे श्रेय कोणाचे, यावर मतभेद आहेत. नॉक व ग्लेन यांच्या १९५१च्या पेटंटात रेझिनात अकार्बनी पूरक घालण्याची कल्पना येते. तिच्या आधारे काही लेखक आरंभ तेथवर मागे नेतात. बहुतेक ग्रंथ मात्र अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌समधील राफाएल बोएन यांचे नाव घेतात. त्यांचे काम १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातले, पेटंट १९६२चे. केवळ पूरक मिसळलेल्या अ‍ॅक्रिलिकांत कण सुटून येत व कडांना रंग धरे. बोएन यांनी कणांना सिलेनचा लेप देऊन हा दोष मुळातून हाताळला, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. दाताशी जोड साधण्याचा इतिहासही असाच दुपेडी आहे. स्विस रसायनज्ञ ऑस्कर हॅगर यांचे आम्लयुक्त रेझीन १९४९च्या सुमाराचे. तथापि चिकित्सेला दिशा मिळाली ती मायकेल ब्यूनोकोर यांच्या १९५५च्या प्रयोगाने. त्यांनी दंतवल्कावर (दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर) ८५ टक्के फॉस्फरिक आम्ल ३० सेकंद लावले होते.

आज ३५ ते ३७ टक्के आम्लाची जेल वापरतात : दंतवल्कावर १५ ते ३० सेकंद, दंतिनावर (त्याखालच्या थरावर) १५ सेकंदांहून अधिक नाही. धुतल्यानंतर दंतिन किंचित ओलसर ठेवावे लागते. हवेने ठणठणीत वाळवल्यास उघडे पडलेले कोलॅजेन या प्रथिनतंतूंचे जाळे खाली बसते, दाताशी जोड साधणारे बाँडिंगचे रेझीन आत शिरत नाही आणि भरलेला दात पुढे ठणकतो. रंगछटा दात वाळण्यापूर्वी, म्हणजे रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावण्याआधीच निवडावी, कारण सुकलेला दात फिकट दिसतो. लाळ वा रक्ताचा स्पर्श झालेला पृष्ठभाग पुन्हा तयार केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खरी अडचण आकुंचनाची आहे. घट्ट होताना कॉम्पोझिट घनफळाने साधारण २ ते ३ टक्के आक्रसते. जोडलेल्या भिंती जितक्या जास्त व मोकळे पृष्ठ जितके कमी, तितका ताण वाढतो. दाढेच्या माथ्यावरील डबीसारख्या पोकळीत जोडलेल्या व मोकळ्या पृष्ठांचे हे गुणोत्तर ५ : १ येते. अशा ताणाने कड उकलते, फटीतून जंतू शिरतात व भरणाखाली पुन्हा कीड लागते. म्हणून २ मिलिमीटरपर्यंतचे तिरके थर देऊन प्रत्येक थर वेगळा घट्ट करतात. जाड थरात भरण्यासाठीच्या बल्क-फिल प्रकारात ४ मिलिमीटरपर्यंत मुभा असते. दिव्याचे टोक दूर वा तिरके धरल्यास वरचा भाग टणक होतो, तळ मऊ राहतो, आणि हा दोष वरून दिसत नाही. युजेनॉल (लवंगेच्या तेलातील घटक) असलेल्या तात्पुरत्या भरणाचे अवशेषही बहुवारिकीकरण रोखतात. दात ब्लीच केल्यावर उरलेला ऑक्सिजन जोड दुबळा करतो. त्यामुळे एक-दोन आठवडे थांबणे श्रेयस्कर.

दोन दाढांमधील पोकळीत कॉम्पोझिट अमाल्गमसारखे (पाऱ्याच्या मिश्रधातूच्या भरणासारखे) दाबून शेजारच्या दातापर्यंत ढकलता येत नाही. पोकळीची उघडी बाजू बंद करणारी, आकार दिलेली मॅट्रिक्स पट्टी, पाचर व कडे न वापरल्यास स्पर्शबिंदू सैल राहतो आणि तेथे अन्न अडकते.

पाऱ्याच्या वापराविषयीच्या २०१३च्या मिनामाता करारानंतर अमाल्गम कमी करण्याचे धोरण आले; युरोपीय संघाने २०२५पासून त्याचा वापर, वैद्यकीय अपवाद वगळता, थांबवला. कॉम्पोझिटचा कोपरा उडाला तर संपूर्ण भरण काढावेच लागते असे नाही : जुना पृष्ठभाग खरवडून, सिलेन व बाँडिंग लावून नवा थर जोडता येतो.