दूरदर्शनवरील प्रहसनांचे स्मरणरंजन (नाशिक)

घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहिलेल्या दूरचित्रवाणीवरील छोट्या विनोदी प्रहसनांची ओढ, आणि गप्पांतून, नकलांतून ती पुन्हा जागवण्याची सवय. नाशिकमध्ये ती पंचवटी, सराफ बाजार, भद्रकाली या जुन्या भागांतील वाड्यांत वाढलेल्या पिढीत विशेष दिसते.

मराठी प्रेक्षकाला हा प्रकार नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकात पौराणिक नाटकानंतर फार्स लावण्याची पद्धत होती, तमाशात बतावणी, म्हणजे विनोदी संवादांचा भाग, होतीच. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यावर हीच परंपरा पडद्यावर आली. ‘गजरा’ या कार्यक्रमात पाच-दहा मिनिटांची प्रहसने एकापाठोपाठ एक येत; ‘हास परिहास’मध्ये बबन प्रभू आणि याकूब सईद ही जोडी असे. पुढे १९८४ मध्ये ‘ये जो है जिंदगी’ ही हिंदी मालिका आली. तिच्यात सतीश शाह दर भागात नव्या रूपात दिसत, आणि आज ते कोण झालेत हे ओळखण्यात पोरांची चढाओढ लागे.

नाशिकमध्ये टीव्ही घरोघरी पोचला तो मुख्यतः ऐंशीच्या दशकात. तोवर वाड्यात एखाद्याच बिऱ्हाडाकडे लाकडी शटरचा संच असे आणि कार्यक्रमाच्या वेळी बाकीची बिऱ्हाडे तिथे जमत. पुढे सतरंजीवर पोरे, मागे खुर्चीत आजोबा, आणि स्वयंपाकघराच्या दारात कणकेचे हात तसेच ठेवून उभी असलेली सून. एरवी सासऱ्यांसमोर मोठ्याने न हसणारी ही बाई तिथे पदर तोंडाला लावून हसे, आणि तिला हसताना पाहून सासूलाही हसू आवरत नसे. आज आठवण निघते तेव्हा प्रहसनाचा विषय क्वचितच कुणाला सांगता येतो. आजोबा खोकला लागेपर्यंत हसले होते, हे मात्र सगळ्यांना पक्के आठवते. या स्मरणरंजनाचा खरा गाभा इथे आहे. विनोदाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, माणसांना ते हसणे हवेसे वाटते.

मूळ कार्यक्रम पुन्हा पाहणे फारसे शक्य नाही, हेही त्याचे एक कारण. त्या काळी चित्रफिती महाग होत्या, त्या पुसून पुन्हा वापरल्या जात आणि बरेचसे चित्रण कायमचे गेले. ही हानी मोठी आहे. जे उरले ते लोकांच्या तोंडी: गणेशोत्सवात गल्लीतल्या मंडळाच्या कार्यक्रमात पोरांनी उचललेल्या लकबी, एखाद्या काकांनी लग्नघरात हमखास करून दाखवायची नक्कल. नाटककार वसंत कानेटकरांच्या या गावात हौशी नाटकवाल्यांची वानवा कधीच नव्हती, त्यामुळे या नकला बऱ्यापैकी रंगतात.

वाडे पडून लोक इंदिरानगर, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये गेले आणि घरोघरी स्वतंत्र टीव्ही आले, तशी ती गर्दी ओसरली. तरी २००१ च्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेने घरे पुन्हा एका सोफ्यावर आणली. दिलीप प्रभावळकरांना पूर्वी दूरदर्शनवर चिमणराव म्हणून पाहिलेले आजोबा आणि त्यांना या मालिकेतले ‘आबा’ म्हणूनच ओळखणारा नातू एकाच नटावर हसत होते.

आता दिवाळीत पुण्या-मुंबईहून आलेली भावंडे मोबाइलवरचे जुने तुकडे टीव्हीला जोडून लावतात. त्यांच्या मुलांना त्यातले थोडेच कळते. त्यांचा जिव्हाळा २०१४ च्या ‘चला हवा येऊ द्या’वर आणि २०१८ पासूनच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’वर आहे, आणि ‘हास्यजत्रे’तली वाक्ये ती जेवताना आजीला म्हणून दाखवतात.