बाटलीच्या तळाचा गाळ

२००६ साली इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट इथे, वर्दिंग्टन व्हाइट शील्ड ही बिअर बनवणाऱ्या ब्रुअरीच्या तळघरात सुमारे २०० जुन्या बाटल्या सापडल्या. त्यांतल्या सर्वांत जुन्या होत्या १८६९ च्या ‘रॅटक्लिफ एल’च्या. बास या बिअर कंपनीच्या भागीदार घराण्यात मुलगा जन्मला म्हणून ही बिअर खास बनवली होती. १३७ वर्षांनी बूच निघालं, तर बिअर चक्क पिण्याजोगी!

हलक्या बिअरच्या नशिबी हे नसतं. ऑक्सिजन लागला की तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते, आणि उजेड लागला की हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली) द्रव्यं मोडून उग्र गंधकी वास सुटतो. रॅटक्लिफ कडक होती, अंधारात गार पडून होती आणि तिच्या तळाशी गाळ होता. हा गाळ म्हणजे यीस्ट, साखरेपासून मद्य आणि वायू बनवणारी सूक्ष्म बुरशी. बूच बसल्यावरही ते उरलीसुरली साखर खातं आणि बाटलीत अडकलेला ऑक्सिजन टिपून घेतं. अशी बिअर नासत नाही, मुरते. त्या मुरण्यात आणखी एका यीस्टचा हात असतो, हे कार्ल्सबर्ग या डॅनिश ब्रुअरीतले संशोधक क्लॉसेन यांनी १९०४ मध्ये मांडलं आणि त्याला ब्रेटॅनोमायसिस, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’ असं नाव दिलं.

समुद्राने मात्र इतकी दया दाखवली नाही. २०१० मध्ये फिनलंडच्या ऑलंड बेटांजवळ १८४० च्या दशकातल्या बुडालेल्या जहाजात शॅम्पेनसोबत बिअरच्या ५ बाटल्या मिळाल्या. दोन बाटल्या तपासल्या तेव्हा यीस्ट मेलेलं होतं, खारं पाणी आत झिरपलेलं होतं आणि वास बोकडासारखा येत होता. काही आम्लजनक जिवाणू तेवढे जिवंत होते.

जुन्या बाटलीच्या किमतीची गंमत वेगळीच. आर्क्टिक मोहिमेसाठी १८५२ मध्ये ऑलसॉप या ब्रुअरीने बनवलेल्या बिअरची एक बाटली २००७ मध्ये ऑनलाइन लिलावात ३०४ डॉलरला गेली, कारण विकणाऱ्याने ऑलसॉपच्या इंग्रजी नावातल्या दोनपैकी एक ‘पी’ गाळला होता आणि शोधणाऱ्यांना ती दिसलीच नाही. नवा मालक नाव नीट लिहून पुन्हा लिलावात उतरला, तेव्हा बोली ५ लाख डॉलरच्या वर गेली. ती बोली खोटी निघाली.

विसाव्या शतकात कारखान्यांनी बिअर गाळून, पाश्चराइझ करून लख्ख केली आणि बाटलीतला गाळ जवळपास नाहीसा झाला. तो परत आणण्यात घरी बिअर बनवणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, पण त्यांची वाट कायद्याने बराच काळ अडवली होती. ब्रिटनने १८८० मध्ये कर माल्टवरून (बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या धान्यावरून) बिअरवर नेला आणि घरच्या बिअरलाही परवाना लावला. तो सुटला १९६३ मध्ये. अमेरिकेत १९३३ ला दारूबंदी उठली, तेव्हा घरगुती वाइनला मुभा मिळाली आणि बिअर मात्र राहूनच गेली. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केल्यावर केंद्रीय कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत मोकळीक मिळाली. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं तर २०१३ पर्यंत अडून होती.

घरी बाटली भरताना थोडी साखर घालतात. यीस्ट ती खाऊन वायू करतं आणि खाली बसतं. विकत आणलेल्या बाटलीचा गाळही हे लोक सोडत नाहीत. ब्रिटनमध्ये अनेकांनी यीस्ट वाढवलं ते व्हाइट शील्डच्याच बाटल्यांमधून. कार्ल्सबर्गने हाच खटाटोप मोठ्या प्रमाणावर केला: १८८३ मध्ये संशोधक हॅन्सन यांनी तिथे पहिल्यांदा शुद्ध यीस्ट वेगळं केलं होतं, त्याच काळातल्या बाटलीतल्या पेशी जागवून २०१६ मध्ये बिअर पुन्हा बनवली.

आपली स्वतःची विसरलेली बाटली सापडली, तर आधी ती टॉवेलमध्ये गुंडाळावी. यीस्टने इतकी वर्षं आत किती वायू साठवलाय, हे बाहेरून कळत नाही.