शिक्षामाफी आणि क्षमा: सोडतं कोण, कोणाला?

आमच्या गावात बांधावरून एक खून झाला होता. सातारा जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव. वीतभर बांध कुणी कोरला, यावरून सुरू झालेला वाद कुऱ्हाडीपर्यंत गेला. मारणाऱ्याला जन्मठेप झाली. सोळा वर्षांनी तो सुटून आला तेव्हा मी गावीच होतो. पारावर दुसरा विषय नव्हता. 'सरकारनं माफ केलं म्हणे त्याला.'

गेलेल्या पोराच्या आईला सगळं गाव आक्का म्हणतं. मी तिच्या ओट्यावर बसलो होतो. शेजारची म्हातारी तिला समजावत होती, 'झालं गेलं गंगेला मिळालं, आक्का. सरकारनं माफ केलं, आता तूबी सोडून दे.' आक्का शेंगा फोडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, 'सरकारनं सोडलं आसंल. म्या कुठं सोडलंय?'

शिक्षामाफी आणि क्षमा यांतला फरक इतका स्वच्छ सांगितलेला मी पुन्हा ऐकला नाही. एरवी आपण हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो आणि त्यातून फार दुखावणाऱ्या गोष्टी घडतात.

'माफी' हा आपल्याकडे मुळात हिशेबाचा शब्द आहे. सारामाफी, कर्जमाफी, फीमाफी. ज्याचं येणं आहे त्यानं ते सोडलं, की झाली माफी. शेतकऱ्याचं कर्ज माफ झालं म्हणून बँकेनं त्याला क्षमा केली, असं कुणी म्हणत नाही. शिक्षामाफीही त्याच जातीची. गुन्हेगार शासनाला काही वर्षं देणं लागतो, त्यातली काही शासन सोडून देतं. गुन्हा पुसला जात नाही, दोषी ठरवणारा निकाल तसाच राहतो, फक्त भोगायची मुदत कमी होते. क्षमेचं तसं नाही. संस्कृतात पृथ्वीलाही 'क्षमा' म्हणतात, कारण ती सोसते. ज्याच्या अंगावर घाव पडला, सोसणं त्याच्या वाट्याला आलं, ते सोडायचं की धरून ठेवायचं हेही त्याचंच.

खुनाच्या खटल्याचा कागद पाहिलात तर त्यावर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' आणि पुढं आरोपीचं नाव असतं. आक्काचं नाव असतं साक्षीदारांच्या यादीत. पहिल्यांदा ते पाहून मला राग आला होता. पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. खून हा एका घरावर झालेला घाव असतोच, शिवाय सगळ्यांनी मिळून केलेला कायदाही त्यात मोडलेला असतो. म्हणून शासन स्वतः फिर्यादीच्या बाजूला उभं राहतं आणि सूड घ्यायचं ओझं त्या घरावर टाकत नाही. किरकोळ मारहाण, बदनामी अशा काही गुन्ह्यांत पीडिताला तडजोड करून खटला मिटवता येतो. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२० व्या कलमात त्यांची यादी होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५९ व्या कलमात आहे. खून आणि बलात्कार त्या यादीत नाहीत. म्हणजे आक्कानं कोर्टात उभं राहून 'मी क्षमा केली' म्हटलं असतं, तरी खटला थांबला नसता.

इराणमध्ये खुनाच्या बाबतीत उलटी रीत आहे. तिथं फाशी माफ करायचा हक्क मृताच्या घरच्यांचा असतो. २०१४ साली तिथल्या एका आईनं मुलाच्या मारेकऱ्याला फासाखाली उभं असताना थोबाडीत मारली आणि मग त्याच्या गळ्यातला फास काढला. जगभर तिचं कौतुक झालं. मला मात्र त्या बाईच्या आधीच्या रात्री आठवतात. एका माणसाचा जीव तिच्या हातात ठेवलेला, आणि सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघतंय. आपल्या कायद्यानं आक्काला त्यातून वाचवलं, हे मी उपकारच मानतो.

मग शिक्षामाफी द्यायची कुणी? राष्ट्रपती राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ खाली, राज्यपाल १६१ खाली, आणि राज्य सरकार फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याखाली. तुरुंगात काम आणि वर्तन चांगलं असेल तर दिवसांची सूटही मिळत जाते. (फर्लो आणि पॅरोल यांचा माफीशी संबंध नाही. त्या तात्पुरत्या रजा. आपल्याकडे फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे नाहीत, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.)

'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं' हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय, की चौदा वर्षांनी सुटका हा हक्कच वाटतो. तसं नाही, हे ज्या खटल्यात ठरलं तो महाराष्ट्रातलाच. गांधीहत्येच्या कटात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे सर्वोच्च न्यायालयात गेले. मिळालेली सूट धरता माझी शिक्षा पुरी झाली, आता मला सोडा, असं त्यांचं म्हणणं. १९६१ साली न्यायालयानं सांगितलं, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सूट कितीही जमली तरी सरकारनं शिक्षा माफ केल्याशिवाय सुटका नाही. चौदा वर्षांची अट कायद्यात आली ती १९७८ साली, आणि तीही उलट दिशेची. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप भोगणाऱ्याला सरकारनं चौदा वर्षांच्या आत सोडू नये, एवढंच ती म्हणते.

याच खटल्यात शिक्षामाफी आणि क्षमा अशा उलटसुलट वाटांनी गेल्या, की फरक समजून घ्यायला दुसरं उदाहरण शोधायला नको. १९४९ साली नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी ठरली, तेव्हा गांधीजींचे मुलगे मणिलाल आणि रामदास यांनी फाशी देऊ नका अशी विनंती केली. बाप ज्यांचा गेला ते दया मागत होते आणि नेहरू, पटेल, राजगोपालाचारी यांचं सरकार नाही म्हणत होतं. १५ नोव्हेंबरला अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी झाली. फाशीच नको असं मानणाऱ्या मला तो निर्णय आजही टोचतो. पण मुलग्यांचा शब्द चालला नाही म्हणून त्यांची क्षमा वाया गेली, असं मला वाटत नाही. ती त्यांची होती, त्यांनी केली. सरकारच्या सहीवर ती अवलंबून नव्हती.

आणि मग १९६४. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारनं गोपाळ गोडसेंना सोडलं. इथपर्यंत शिक्षामाफीच. पण नोव्हेंबरात पुण्यात सुटून आलेल्यांसाठी पूजा आणि सत्काराचा कार्यक्रम झाला. लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी तिथं, कटाची कल्पना आपल्याला आधीच होती, असं सांगितलं. देशभर संताप उसळला आणि पुढं कटाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती कपूर यांचा आयोग नेमावा लागला. त्या सत्कारामागचं गणित आजही जसंच्या तसं केलं जातं: सरकारनं सोडलं, म्हणजे हिशेब मिटला, म्हणजे आता हार घालायला हरकत नाही.

१५ ऑगस्ट २०२२ ला गोध्र्याच्या तुरुंगाबाहेर तेच झालं. २००२ च्या गुजरात दंगलीत बिल्किस बानोंवर सामूहिक बलात्कार झाला, तीन वर्षांच्या मुलीसह घरची माणसं डोळ्यांदेखत मारली गेली. गुजरातमध्ये निष्पक्ष सुनावणी होणार नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयानं खटला मुंबईत आणला आणि २००८ साली मुंबईच्या विशेष न्यायालयानं अकरा जणांना जन्मठेप दिली. गुजरात सरकारनं शिक्षामाफीच्या १९९२ च्या धोरणाखाली या सगळ्यांना सोडलं, ज्या न्यायालयानं शिक्षा दिली तिथल्या न्यायाधीशांचं मत विरुद्ध असतानाही. बाहेर मिठाई वाटली गेली, हार पडले. एवढा मोठा निर्णय घेताना माझ्या सुरक्षिततेची चौकशीही कुणी केली नाही, असं त्या बाईंचं म्हणणं होतं. क्षमा राहू द्या, 'तुम्ही कशा आहात' हेसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती सुटका रद्द केली. शिक्षा महाराष्ट्रात झाली, तेव्हा माफीचा अर्ज ऐकण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, गुजरातचा नव्हे. अकराही जणांना परत तुरुंगात जावं लागलं. शिक्षामाफी ही अशी गोष्ट आहे. ती देणारा चुकीचा असू शकतो, तिला आव्हान देता येतं, ती कोर्टात टिकते किंवा पडते. मनातल्या क्षमेला कुठल्या कोर्टात आव्हान देणार?

क्षमेलाही मर्यादा असते, पण वेगळी. राजीव गांधींच्या हत्येत नलिनी यांना झालेली फाशी २००० साली जन्मठेपेत बदलली, त्यामागं सोनिया गांधींनी केलेली दयेची विनंती होती. २००८ साली प्रियांका गांधी वेल्लोरच्या तुरुंगात जाऊन नलिनींना भेटल्या. हे सोपं नाही आणि मी त्यापुढं मान लववतो. पण श्रीपेरंबुदूरच्या त्या स्फोटात बंदोबस्तावरचे पोलीस गेले, सभेला आलेली साधी माणसं गेली. त्यांच्या घरांतली क्षमा गांधी कुटुंबाच्या हातात नव्हती. आपल्या वाट्याचं दुःख जेवढं, तेवढंच आपल्याला सोडता येतं. २०२२ साली न्यायालयानं उरलेल्या सहा जणांना सोडलं तेव्हा काँग्रेस पक्षानं जाहीर नाराजी व्यक्त केली. घरानं एक म्हटलं, पक्षानं दुसरं. मला त्यात विसंगती दिसत नाही. घर क्षमेबद्दल बोलत होतं, पक्ष शिक्षेबद्दल.

ओडिशात १९९९ साली ज्यांचे मिशनरी पती ग्रॅहम आणि दोन लहान मुलं जिवंत जाळली गेली, त्या ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारणाऱ्यांना क्षमा केली. क्षमा माझी, शिक्षेचं काम कायद्याचं, हा फरकही त्यांनी नीट राखला. वर्णभेदाच्या राजवटीनंतर नेमलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाचं नाव घेतलं की आपण क्षमा, क्षमा करतो. पण त्या कायद्यानं देऊ केली होती ती माफी. राजकीय हेतूनं केलेल्या कृत्याचं पूर्ण सत्य सांगितलं की ती मिळू शकत होती, पश्चात्ताप दाखवायची अट नव्हती. पोलीस कोठडीत जीव गेलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या घरच्यांनी त्या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिलं, तेव्हा ते कुणाचा द्वेष करत नव्हते. आमच्या वतीनं तुम्ही सोडू नका, असं म्हणत होते.

मग तुमच्या-माझ्या हातात काय? शिक्षामाफी सरकारची, क्षमा आक्काची. आपण दोन्हीचे मालक नाही, आणि तरी बोलतो मात्र मालकासारखे. एक गट पीडिताला 'मोठ्या मनानं सोडून द्या' म्हणतो, दुसरा 'तुम्ही क्षमा केलीच कशी' म्हणून तिलाच फैलावर घेतो. माझं मत असं, की गुन्हेगाराबद्दलची आपली कणव खरी असू शकते, असावीही, पण ती पीडिताकडे काही मागायला लागली की तिथं तिची हद्द संपली. मागायचंच असेल तर स्वतःकडे मागावं. आपल्याकडे देण्यासारखं बरंच असतं: काम, भाड्याची खोली, दुकानात उधारीचं खातं. सुटून आलेल्या माणसाला चारित्र्य पडताळणीच्या कागदावर नोकरी नाकारली जाते, घरमालक नाव ऐकून दार लावतो. ही माणसं पुन्हा त्याच वाटेला गेली की आपण म्हणतो, बघा, सुधारत नाहीत.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून वसाहत आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या संस्थानात, पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून १९३९ साली सुरू झालेलं खुलं कारागृह. भिंती नाहीत. जन्मठेपेचे कैदी तिथं शेती करतात, बायकापोरांसोबत राहतात. तिथं कुणी कुणाचा खून माफ केलेला नाही. शिक्षा चालूच असते. फक्त माणसाला जमिनीचा तुकडा आणि भरवसा दिलेला असतो, आणि तो देताना कुणा आक्काला काही विचारावं लागत नाही, तिच्याकडून काही घ्यावंही लागत नाही.

आमच्या गावचा तो माणूस सुटून आला, त्याच वर्षी दिवाळीला मी पुन्हा गावी गेलो. तोवर गावातल्या काही पोरांनी गिरणीवाल्याला दम दिला होता, सुटून आलेल्याचं दळण घ्यायचं नाही. मी गिरणीत होतो तेव्हा आक्का नंबरला पहिली होती, ज्वारीचा डबा पायाशी. तो आला आणि आपला डबा घेऊन दारातच थांबला. पट्टा फिरत होता, त्याच्या आवाजात कुणी काही बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं, पण बोलत कुणीच नव्हतं. गिरणीवाल्यानं आक्काकडे पाहिलं. तिनं आपला डबा पायानं मागं सरकवला. 'त्याचं आधी घाल.'

गिरणीवाल्यानं त्याची ज्वारी घातली. पीठ घेऊन, मान वर न करता तो निघून गेला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, आक्कानं माफ केलं. पारावर एक जण तर म्हणाला, हे पेपरात यायला पाहिजे. रात्री मी तिला विचारलं, 'आक्का, खरंच माफ केलंस?'

'माफ न्हाई केलं, बाळा. तो माझ्या मागं हुबा ऱ्हायला आस्ता, तर दळण व्हईस्तवर पाठीवर त्याची नजर. म्हटलं, जाऊ दे फुडं.' तिनं कंदील खाली केला आणि थोड्या वेळानं म्हणाली, 'आन् त्याच्या घरात बी चूल हायच की.'