खाते पानापासून जीएसटीआयएनपर्यंत: व्यापारातल्या ओळख क्रमांकांची पार्श्वभूमी

कीर्द-खतावणी हाताने लिहिली जायची तेव्हा रोजकीर्दीत रकमेच्या अलीकडे एक अरुंद रकाना असे: ‘खा. पा.’, म्हणजे खाते पान. गावात पाटील अनेक, त्यांतले दोघे सुरेश पाटील. पण खतावणीचे ४७ नंबरचे पान एकाच सुरेश पाटलांचे. उधारी भलत्याच्या नावे पडू नये म्हणून दिवाणजी नावापेक्षा पानावर भरवसा ठेवत. ही सोय मात्र त्या दुकानापुरती आणि त्या वहीपुरती. नवी वही पुजली की पाने बदलत, आणि शेजारच्या पेढीवर या ४७ ला काहीच अर्थ नसे.

प्राप्तिकर खात्याची जुनी पद्धतही याच जातीची होती. करदात्याला जीआयआर नंबर, म्हणजे जनरल इंडेक्स रजिस्टरमधला क्रमांक, मिळे. तो त्या त्या वॉर्डातल्या, म्हणजे खात्याच्या स्थानिक विभागातल्या, नोंदवहीचा. देशभरात एकमेव नव्हे. १९७२ मध्ये पॅन आला, १९७६ मध्ये करदात्यांना सक्तीचा झाला. वाटप तेव्हाही हातानेच होत होते, वॉर्डावॉर्डाला ठरावीक क्रमांक नेमून देऊन. ती मालिका अखेर सोडून द्यावी लागली आणि १९९५ मध्ये आजचा दहा अक्षरी पॅन सुरू झाला.

संगणकाच्या जगात या प्रश्नाची नेमकी मांडणी आधीच झाली होती. १९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची, कल्पना मांडली. तक्त्यातली प्रत्येक ओळ अशा एका खुणेने ओळखावी, जी दुसऱ्या कुठल्याही ओळीला नसेल; तीच प्रायमरी की. ग्राहकांच्या तक्त्यातली की बिलांच्या तक्त्यात जाते, तिथून वसुलीच्या तक्त्यात. म्हणून ती एकमेव असून भागत नाही, ती टिकावीही लागते. की बदलली की मागची सगळी बिले पोरकी होतात.

आणि ही की बदलते कधी? तिच्यात माहिती कोंबलेली असते तेव्हा. माझ्या मते आपल्याकडच्या क्रमांकांची खरी कहाणी इथेच आहे. पॅनचे चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते: ‘पी’ व्यक्ती, ‘सी’ कंपनी, ‘एफ’ भागीदारी संस्था. पाचवे अक्षर व्यक्तीच्या आडनावाचे. लग्नानंतर आडनाव बदलले तरी पॅन तोच राहतो, पाचव्या जागी माहेरचे अक्षर घेऊन. हा निर्णय अगदी योग्य होता. माहिती जुनी झाली, पण क्रमांक हलला नाही.

कंपन्यांच्या सीआयएनचे, म्हणजे कंपनी ओळख क्रमांकाचे, उलट झाले. त्याच्या २१ अक्षरांत कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध आहे का, उद्योग कोणता, राज्य कुठले, स्थापनेचे वर्ष कोणते, हे सगळे लिहिलेले असते. कंपनी बाजारात उतरली की पहिल्या ‘यू’चा ‘एल’ होतो. नोंदणीकृत कार्यालय पुण्याहून अहमदाबादला नेले की क्रमांक पुन्हा वेगळा. कंपनी तीच, पण सीआयएनलाच की मानणाऱ्या डेटाबेसला ती नवी वाटते.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याकडे २७ ने सुरू होणारा व्हॅटचा टिन, म्हणजे करदाता ओळख क्रमांक, असे, शिवाय सेवाकर किंवा उत्पादनशुल्क लागू असेल तर त्यांचे वेगळे क्रमांक. आता पंधरा अक्षरांचा जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणीचा क्रमांक: आधी राज्याचा कोड (महाराष्ट्र २७, गोवा ३०), मग पॅनची दहा अक्षरे, त्या पॅनवर राज्यातली कितवी नोंदणी ते, बहुधा ‘झेड’, आणि शेवटी तपासणीचे अक्षर. एखादा आकडा चुकला तर हे शेवटचे अक्षर चूक पकडते. बिलावर दुसऱ्याच कुणाचा खरा क्रमांक टाकला तर मात्र ते काही करू शकत नाही. बिल त्या दुसऱ्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे खरेदीवरच्या कराचे क्रेडिट दाखवणाऱ्या पत्रकात, दिसते आणि आपला ग्राहक त्या क्रेडिटसाठी फोन करत राहतो.

म्हणूनच जीएसटीआयएन हा ग्राहकाच्या नोंदीतला एक रकाना असावा; त्याला प्रायमरी की करू नये. नोंदणी नसलेल्या ग्राहकाकडे तो नसतोच. कोल्हापूर आणि बेळगाव दोन्हीकडे दुकान असणाऱ्याकडे दोन असतात. आपल्या यादीसाठी आपलाच एक साधा, काहीही न सांगणारा अनुक्रमांक हवा.

एकाच व्यक्तीच्या मालकीच्या दुकानात हे सर्वांत जास्त जाणवते. वडिलांच्या पॅनवरचा जीएसटीआयएन त्यांच्या पश्चात मुलीला चालत नाही. ती आपल्या पॅनवर नवी नोंदणी करते, शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्म भरून वळते करून घेते. पाटी तीच, फळ्या त्याच, माल देणारा घाऊक व्यापारीही तोच. त्याच्या संगणकात जुने खाते बंद होऊन कोरे खाते उघडले, तर वडिलांनी वर्षानुवर्षे वेळेवर चुकवलेली बिले मुलीच्या उधारीची मर्यादा ठरवताना दिसतच नाहीत. दुकानाला स्वतःचा अनुक्रमांक दिलेला असेल, तर फक्त जीएसटीआयएनचा रकाना बदलतो आणि ती बिले तिच्या खात्यावर राहतात.