लोखंडाच्या कणाखालची जमीन

'कार्बन नॅनोट्यूबच्या दोरावरून अवकाशात लिफ्ट जाणार' ही बातमी दर दोन-चार वर्षांनी फिरून येते. नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिसूक्ष्म नळी, पोलादाहून कितीतरी पट मजबूत असते हे खरं. पण तो आकडा एकेका निर्दोष नळीचा, दोराचा नव्हे. आणि ही नळी मुळात उगवते कशी, हे त्या बातमीत कधीच नसतं. मला तर खरी मौज तिथेच वाटते.

भट्टीत साधारण ७५० अंश सेल्सिअसला इथिलीनसारखा वायू सोडतात. लोखंडाच्या काही नॅनोमीटरच्या कणांवर त्याचे रेणू तुटतात आणि सुटलेला कार्बन नळीच्या रूपात वाढत जातो. नळीची जाडी बरीचशी कणाच्या आकारावर ठरते. म्हणजे उत्प्रेरक लोखंड. ते कण ज्यावर बसतात त्या आधाराला मात्र बरेच जण नुसता पाट समजतात. तसं मुळीच नाही.

लोखंड थेट सिलिकॉनच्या चकतीवर ठेवलं, तर तापल्यावर दोघांचं संयुग होतं आणि उत्प्रेरक निकामी होतो. मध्ये सिलिकाचा, म्हणजे सिलिकॉनच्या ऑक्साइडचा, थर दिला की हे बरंचसं टळतं, पण दुसरंच संकट उभं राहतं. लोखंड वितळतं १५३८ अंशांना. मात्र केल्विनमध्ये, म्हणजे उणे २७३ अंशांपासून, मोजलेल्या वितळबिंदूच्या निम्म्यावरच धातूचे अणू जागचे हलू लागतात. लोखंडासाठी हे तापमान येतं सुमारे ६३० अंश. भट्टी तर त्याच्याही वर! लहान कणाचा पृष्ठभाग जास्त वाकलेला, म्हणून वरच्या अणूला धरून ठेवणारे शेजारी कमी. तो अणू सुटतो, आधारावरून भटकत जातो आणि मोठ्या कणाला चिकटतो. लहान कण आणखी लहान होतो, मग त्याचे अणू आणखी सहज सुटतात. साबणाच्या फेसातले बारीक बुडबुडे आटत जाऊन मोठे फुगतात, तसंच हे. याला ऑस्टवाल्ड रायपनिंग म्हणतात. कण संपला की त्याची नळीही थांबली.

अ‍ॅल्युमिनावर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडवर, ही भटकंती मंदावते, कारण तिथे लोखंडाची पकड घट्ट असते. कण बारीक आणि दाट राहतात. नळ्या एकमेकींना टेकून सरळ उभ्या वाढतात. २००४ मध्ये जपानमधल्या केंजी हाता यांच्या गटाने वायूत किंचित पाण्याची वाफ मिसळली आणि १० मिनिटांत २.५ मिलिमीटर उंचीचं नळ्यांचं रान उगवलं. एकेका नळीची जाडी १ ते ३ नॅनोमीटर; म्हणजे उंची जाडीच्या जवळपास दहा लाख पट! वाफ कणांवर साचणारा निरुपयोगी कार्बन जाळून टाकते.

पकड घट्ट असली की कण सहसा मुळाशी राहतो आणि नळी वर ढकलली जाते. सैल असली तर नळी कणालाच उचलून शेंड्यावर नेते.

अ‍ॅल्युमिनातही भेद आहेत. नीलमणी म्हणजेही स्फटिकरूप अ‍ॅल्युमिनाच, रासायनिक सूत्र तेच. तरी त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर असं रान नीट धरत नाही. त्यापेक्षा अणूंचा मारा करून बसवलेला, आतून अव्यवस्थित असा पातळ थर कितीतरी सरस ठरतो. त्या थरातही लोखंड हळूहळू मुरत जातंच, आणि पृष्ठभागावर पुरेसे कण उरले नाहीत की रानाची वाढ खुंटते.