लाल दिव्याला दोन व्होल्ट, पांढऱ्याला तीन

दिवाळीच्या सुट्टीत नवी मुंबईत पहाटे साडेपाचला चांगलाच अंधार असतो. वाशीहून बेलापूरकडे पाम बीच रोडने सायकलवर निघालं की उजव्या हाताला खाडी आणि खारफुटी, आणि मागून सुसाट येणाऱ्या गाड्या. माझी नववीतली भाची यंदा नेरूळला राहायला आली होती आणि तिला माझ्याबरोबर यायचं होतं. मागचा दिवा लावल्याशिवाय तिला रस्त्यावर न्यायला मी तयार नव्हतो. ती म्हणाली, "मामा, विकत नको, मी बनवते."

जुन्या खेळण्यातला पांढरा एलईडी काढून तिने तो थेट ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला लावला. क्षणभर लख्ख निळसर उजेड पडला, जळका वास आला आणि एलईडी कायमचा गेला. तिने विचारलेला प्रश्न फार चांगला होता: टॉर्चचा जुना बल्ब थोड्या जास्त व्होल्टेजवरही तग धरतो, मग हा का नाही?

साध्या बल्बमधली तार तापली की तिचा रोध वाढतो, आणि वाढलेला रोध करंटला आवरतो. बल्ब स्वतःला सांभाळतो. एलईडीचं नेमकं उलट आहे. ठरावीक व्होल्टेजपर्यंत त्यातून जवळजवळ काहीच वाहत नाही. ती पातळी ओलांडली की व्होल्टेज दोन-तीन दशांशांनी जरी वाढलं, तरी करंट दुपटी-तिपटीने वाढतो. करंट वाढला की एलईडी तापतो, आणि तापला की त्याच व्होल्टेजला आणखी करंट ओढतो. त्याला आवरणारं बाहेरून काहीतरी लागतं. आपल्या दिव्यात ते काम दोन-चार आण्यांच्या मोलाचा वाटणारा रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोध देणारा छोटासा भाग, करतो. नवशिक्यांचे बहुतेक एलईडी त्याच्याच अभावी जळतात.

ही ठरावीक पातळी रंगावर अवलंबून असते, आणि मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. प्रकाशाच्या प्रत्येक कणाला, म्हणजे फोटॉनला, ठरावीक ऊर्जा लागते. लाल फोटॉन स्वस्त, निळा महाग. एलईडीमधला इलेक्ट्रॉन ती ऊर्जा व्होल्टेजमधून घेतो. म्हणून लाल एलईडी साधारण २ व्होल्टला पेटतो आणि निळ्याला ३ च्या आसपास लागतात. मग पांढऱ्यालाही ३ च का? कारण नेहमीच्या पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळाच एलईडी असतो. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे प्रकाशाचा रंग बदलणाऱ्या पदार्थाचा, थर दिलेला असतो. थोडा निळा प्रकाश तसाच बाहेर येतो, उरलेल्याचा पिवळा होतो, आणि डोळ्याला दोन्ही मिळून पांढरं दिसतं. बंद असलेला एलईडी नीट निरखून बघा, तो पिवळा ठिपका दिसेल.

डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये केला. चांगला उजळ निळा एलईडी मात्र १९९० चं दशक उजाडेपर्यंत जमला नाही. निळ्यासाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवणं हेच मोठं कठीण काम होतं. ते साधणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज घराघरात जो पांढरा उजेड आहे, तो त्या निळ्याच्या जोरावर.

आता हिशोब. मागच्या दिव्याला लाल एलईडी आणि पेन्सिल सेल दोन, म्हणजे ३ व्होल्ट. त्यातले २ एलईडी घेतो, उरतो १. ५ मिलिमीटरच्या साध्या एलईडीला २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर पुरतात. उरलेल्या व्होल्टना करंटने भागलं की हवा तो रोध ओहममध्ये मिळतो: १ भागिले ०.०२ म्हणजे ५० ओहम. दुकानात ५० सहसा मिळत नाही. त्यापुढचा ५६ चा घ्यावा. त्यावर हिरवा, निळा, काळा असे पट्टे आणि शेवटी सोनेरी पट्टा असतो. समोरच्या पांढऱ्या दिव्याला तीन सेल: ४.५ वजा पांढऱ्याचे साधारण ३.२ म्हणजे १.३, भागिले ०.०२ म्हणजे ६५. तिथे ६८ ओहम. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं.

भाचीला तीन लाल एलईडी हवे होते. तिन्हींना मिळून एकच रेझिस्टर पुरेल असं तिला वाटलं. पण एकाच पुडीतल्या एलईडींचीही पातळी किंचित कमी-जास्त असते, आणि ज्याची कमी तो बाकीच्यांच्या वाट्याचा करंट ओढून आधी थकतो. म्हणून प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर. एलईडीचा लांब पाय सेलच्या प्लसकडे. उलटा लावला तर दोन सेलवर काही बिघडत नाही, फक्त पेटत नाही. सोल्डर करताना आधी जोड तापवावा आणि मग सोल्डरची तार टेकवावी. वितळलेला थेंब नुसता वर ठेवला की जोड कच्चा राहतो आणि पहिल्याच खड्ड्यात सुटतो.

बाजारातल्या किल्लीच्या छोट्या टॉर्चमध्ये रेझिस्टर नसतो, हे तिनेच उघडून शोधलं. तिथे बटण सेलचा अंतर्गत रोधच इतका असतो की तो करंट आवरून धरतो.

या दिव्याने तुम्ही इतरांना दिसता, रस्ता मात्र फारसा दिसत नाही. रस्ता उजळायला १ वॅटचा एलईडी लागतो, सुमारे ३५० मिलिअँपिअरचा. त्याची उष्णता उजेडाबरोबर बाहेर पडत नाही, चिपमध्येच साठते, म्हणून त्याला ॲल्युमिनियमचा पत्रा जोडावाच लागतो. पहिल्याच प्रयत्नात लिथियम सेलच्या वाटेला जाऊ नका, आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल तर मुळीच काढू नका. दोन टोकं थेट जोडली जाऊन शॉर्ट झाला तर तो सेल पेट घेऊ शकतो. पेन्सिल सेल चूक बऱ्यापैकी सोसतो.

मागचा दिवा लुकलुकणारा असावा की स्थिर? लुकलुकणारा चटकन लक्ष वेधतो, पण तो किती लांब आहे याचा अंदाज मागच्या चालकाला लागत नाही. मी स्थिरच ठेवायला लावला. समोरचा दिवा जरा खाली झुकवला, नाहीतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

खाडीकाठची हवा खारट आणि दमट. तांब्याच्या तारेवर हिरवा थर चढायला वेळ लागत नाही. म्हणून सगळ्या जोडांवर भाचीने नेलपॉलिशचे दोन हात दिले. दिवा औषधाच्या पारदर्शक डबीत बसवला आणि तार जिथून आत जाते ती फट ग्लू गनने बुजवली. मग दहा मिनिटं नळाखाली धरून डबी रात्रभर उघड्यावर ठेवली. सकाळी आत एका कोपऱ्यात धुकं धरलं होतं. तारेच्या मागच्या बाजूला गोंद कमी पडला होता. तिने तेवढी जागा पुन्हा भरली, आणि आम्ही त्या दिवशीची फेरी दुसऱ्या पहाटेवर ढकलली.